‘दण्डतज्जित’ श्रम आणि ‘भत्तवेतन’ : श्रमिक, बक्षीस आणि शिक्षा यांचा एक मागोवा

संयुत्त निकायाच्या कोसल संयुत्तात ‘यञ्ञ सुत्त’ नावाचे एक छोटे सुत्त आहे. कोसलनरेश पसेनदि याने महायज्ञ आरंभिला आहे. पाचशे बैल, पाचशे गोऱ्हे, पाचशे कालवडी, पाचशे शेळ्या आणि पाचशे मेंढे यज्ञस्तंभांपाशी आणून ठेवले आहेत. सावत्थीत भिक्षेसाठी गेलेले भिक्षू हे दृश्य पाहतात आणि परतल्यावर भगवंतांना सांगतात. यज्ञातील पशुहत्येचा तथागतांनी केलेला निषेध म्हणून या सुत्ताचा दाखला आपल्याकडे वारंवार दिला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु भिक्षूंनी पशूंबरोबर आणखीही काही पाहिले होते. राजाचे दास, हुकुमाचे ताबेदार आणि कामकरी दंडाच्या धाकाने, भयाने, आसवांनी भिजलेल्या तोंडाने यज्ञाची तयारी करीत होते. ‘दण्डतज्जित’, ‘भयतज्जित’ आणि ‘अस्सुमुख’ ही तीन पाली विशेषणे या श्रमिकांची आहेत. मज्झिम निकायातही हीच शब्दावली आढळते.

यज्ञाच्या वर्णनात खुंट्याला बांधलेल्या जनावरांच्या शेजारी राबणाऱ्या माणसांच्या डोळ्यांतील पाण्याची नोंद ज्या परंपरेने घेतली, त्या परंपरेला श्रमाविषयी काही म्हणावयाचे होते. माणूस दुसऱ्याचे काम का करतो? दंडाच्या भीतीने, बक्षिसाच्या आशेने, की आणखी कशाने? आजच्या कारखान्यांत आणि कचेऱ्यांत हा प्रश्न ‘प्रोत्साहन’ व ‘शिस्तभंगाची कारवाई’ या शब्दांत विचारला जातो. पण प्रश्न जुना आहे, आणि त्याची उत्तरेही जुनी आहेत. प्रस्तुत लेखात पाली वाङ्मयातील उत्तर काय होते, ते समकालीन व उत्तरकालीन ब्राह्मणी ग्रंथांहून कोठे वेगळे होते आणि अडीच हजार वर्षांनंतर मुंबईच्या कायदेमंडळात तोच प्रश्न कोणत्या रूपाने उभा राहिला, एवढेच पाहावयाचे आहे.

पाली वाङ्मयात परक्याचे काम करणाऱ्यांसाठी दास, पेस्स, कम्मकर आणि भतक असे शब्द येतात. दास हा धन्याच्या मालकीचा. भतक हा मजुरी घेऊन राबणारा. व्यवहारात या दोहोंतील अंतर फार नसावे, कारण ‘दास-कम्मकर’ असा जोडशब्दच सुत्तांत रूढ आहे. दीघ निकायातील सामञ्ञफल सुत्तात दासाचे एक लहानसे शब्दचित्र आहे. तो धन्याच्या आधी उठतो, धन्यानंतर निजतो, काय आज्ञा आहे याची वाट पाहतो, गोड बोलतो आणि तो ‘मुखुल्लोकक’ असतो. मुखुल्लोकक म्हणजे धन्याच्या तोंडाकडे सतत पाहत राहणारा. धन्याच्या कपाळावर आठी पडली की काय, ओठावर हसू आहे की काय, यावर ज्याचा दिवस अवलंबून आहे, त्याचे वर्णन याहून नेमक्या शब्दात करता येणार नाही. बक्षीस आणि शिक्षा यांवर चालणारी प्रत्येक व्यवस्था अखेर असे तोंडाकडे पाहणारे लोक निर्माण करते. त्याच सुत्तात हा दास मनाशी म्हणतो की राजा अजातसत्तू मनुष्य आहे आणि मीही मनुष्यच आहे. तो घर सोडून प्रव्रजित होतो. असा मनुष्य दिसल्यास त्याला पुन्हा दास होण्यास सांगशील काय, असे भगवंत विचारतात, तेव्हा अजातसत्तू नकार देतो आणि आपणच त्याला वंदन करू असे सांगतो.

धन्याच्या तोंडाकडे पाहणाऱ्या दासांत एक दासी मात्र निराळी आहे. ती मज्झिम निकायाच्या ककचूपम सुत्तातील काली. सावत्थीत वेदेहिका नावाची एक गृहस्वामिनी होती. शांत, नम्र, सौम्य अशी तिची कीर्ती सर्वत्र पसरली होती. तिची दासी काली कामात दक्ष होती, आळशी नव्हती, प्रत्येक काम नीटनेटके करीत असे. एके दिवशी कालीच्या मनात आले की, माझी धनीण शांत आहे ती तिच्या अंगी राग नाही म्हणून, की मी सगळी कामे चोख करते म्हणून तिला राग दाखविण्याची वेळच येत नाही? तिने परीक्षा पाहण्याचे ठरविले. ती एक दिवस उशिरा उठली. धनिणीने विचारणा केली आणि कपाळाला आठ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी ती आणखी उशिरा उठली; धनीण संतापून बोलली. तिसऱ्या दिवशी काली त्याहूनही उशिरा उठली तेव्हा त्या सौम्य गृहस्वामिनीने दाराचा अडसर उचलून तिच्या डोक्यात घातला. रक्ताने माखलेले डोके घेऊन काली शेजाऱ्यांकडे गेली आणि म्हणाली की, सौम्य बाईंची करणी पाहा.

तथागतांनी ही कथा भिक्षूंना क्षमेचा उपदेश करताना सांगितली. मनाविरुद्ध शब्द कानी येईपर्यंतच जो शांत राहतो, त्याची शांती खरी नव्हे, हा तिचा आशय. त्यामुळे परंपरेने ही कथा वेदेहिकेच्या बाजूने वाचली. विहारातील रविवारच्या पाली वर्गात एकदा हे सुत्त शिकवीत असता घरकाम करणाऱ्या एका उपासिकेने मला विचारले, ‘सर, कालीच्या डोक्याला पुढे कोणी पट्टी बांधली का?’ सुत्त त्याविषयी काही सांगत नाही, असे मला उत्तर द्यावे लागले. तेव्हापासून ही कथा मी कालीच्या बाजूने वाचू लागलो. कालीने केलेला प्रयोग हा धनीपणाचाच प्रयोग आहे. काम चोख असेतो मिळणारा गोडवा हा स्वभाव नसून मोबदला आहे, आणि त्याच्या मागे दाराआड अडसर उभा आहे, हे तिने स्वतःचे डोके फोडून घेऊन सिद्ध केले. बक्षीस आणि शिक्षा या दोन वेगळ्या पद्धती आहेत असे मानणाऱ्यांनी हे सुत्त अवश्य वाचावे.

या दोन्ही साधनांचा पद्धतशीर विचार प्राचीन भारतात ज्या ग्रंथाने केला तो कौटिलीय अर्थशास्त्र होय. १९०५ साली शामशास्त्री यांच्या हाती त्याचे हस्तलिखित आले आणि १९०९ साली ते छापले गेले. आज उपलब्ध असलेला ग्रंथ एका हातचा व एका काळाचा नाही, त्याचा बराच भाग मौर्यांनंतरचा आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. त्याच्या दुसऱ्या अधिकरणात सूत्राध्यक्षाचे, म्हणजे राज्याच्या सूतकताई-विणकाम खात्याच्या अधिकाऱ्याचे प्रकरण आहे. विधवा, अपंग स्त्रिया, कुमारिका, परिव्राजिका, दंड फेडण्यासाठी राबणाऱ्या स्त्रिया, म्हाताऱ्या राजदासी यांच्याकडून सूत कातून घ्यावे. सूत बारीक, जाडे की मध्यम आणि किती भरले हे पाहून वेतन ठरवावे. ज्यांचे सूत भरपूर भरेल त्यांचा तेल आणि आवळ्याची उटणी देऊन गौरव करावा. सणाच्या तिथींनाही मानपान व भेटी देऊन काम करवून घ्यावे. सूत कमी भरल्यास मालाच्या किमतीप्रमाणे वेतन कापावे. आणि वेतन घेऊन जी काम करणार नाही तिला अंगठ्याच्या चिमटीची शिक्षा आहे. ती चिमूट तोडावी असा त्याचा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. अंगठा गेलेली स्त्री पुन्हा सूत कातू शकणार नाही, हे ग्रंथकाराला समजत नव्हते असे नाही. ती शिक्षा उरलेल्या कातणाऱ्यांना पाहण्यासाठी होती.

न्यायाने बोलावयाचे तर याच प्रकरणात वेतन देण्यास विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यालाही दंड सांगितला आहे, आणि कामासाठी आलेल्या स्त्रीच्या तोंडाकडे पाहणाऱ्यालाही. तिसऱ्या अधिकरणात मजुरी न देणाऱ्या धन्याला दंड आहे. आजारी वा संकटात सापडलेल्या मजुराला सवलत आहे. परंतु मजुरी घेऊन काम न करणाऱ्या धडधाकट मजुराला बारा पण दंड आणि काम होईपर्यंत अटकाव आहे. मजूर येथे हिशेबातील एक बाब आहे. त्याची काळजी घेतली जाते ती बैलाची घ्यावी तशी.

मनुस्मृतीला हा हिशेबही पुरत नाही. आठव्या अध्यायात आजारी नसताना गर्वाने काम न करणाऱ्या नोकराला आठ कृष्णल दंड असून त्याचे वेतनही बुडते. अपराध केलेल्या दासाला व सेवकाला दोरीने किंवा बांबूच्या कांबीने मारण्याची मुभा त्याच अध्यायात आहे. बायको आणि मुलगाही त्याच यादीत आहेत. आणि शूद्राला धन्याने मुक्त केले तरी तो दास्यातून सुटत नाही, असे तेथे स्पष्टच म्हटले आहे. जेथे सुटका नाही तेथे बक्षिसाची गरजच काय?

आता दीघ निकायातील सिगालोवाद सुत्ताकडे वळू. राजगृहाबाहेर ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना हात जोडणाऱ्या सिगाल नावाच्या तरुण गृहपतीला तथागतांनी सहा दिशांचा नवा अर्थ सांगितला. त्यांतील अधोदिशा म्हणजे दास आणि कामकरी. दिशा खालची आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरी ती वंदन करावयाच्या सहा दिशांपैकी एक आहे, आणि वंदन करणारा आहे धनी. त्याने पाच प्रकारे या दिशेची सेवा करावयाची आहे. शक्तीप्रमाणे काम नेमून द्यावे. ‘भत्तवेतन’ म्हणजे अन्न व वेतन द्यावे. आजारपणात शुश्रूषा करावी. विशेष गोडधोड वाटून खावे. वेळच्या वेळी सुट्टी द्यावी.

या पाच गोष्टींवरील आचार्य बुद्धघोषांची अट्ठकथा वाचण्यासारखी आहे, कारण तिच्यात पाचव्या शतकातील एका विद्वान भिक्षूने श्रमिकाच्या घरात डोकावून पाहिलेले दिसते. तरुणांचे काम वृद्धांना आणि वृद्धांचे तरुणांना सांगू नये, असे ते म्हणतात. वेतनाविषयी ते म्हणतात की, याची मुले लहान आहेत, हा एकटा राहतो, असे ज्याचे त्याचे पाहून अन्न व खर्चाची तजवीज करावी. येथे वेतनाचे माप कामाचा उरक हे नसून कामकऱ्याची गरज हे आहे. सुट्टीविषयी ते म्हणतात की, दिवसभर काम करणारे थकतात, म्हणून वेळ ओळखून त्यांना मोकळे करावे. आणि सणासुदीला दागिने, खाणे-पिणे देऊन सोडावे.

हा शेवटचा भाग अर्थशास्त्राशेजारी ठेवून पाहावा. सणाच्या दिवशी भेट दोन्हीकडे आहे. सूत्राध्यक्ष भेट देतो ती त्या दिवशीही काम करवून घेण्यासाठी. सिगालाने द्यावयाची ती कामातून मोकळे करण्यासाठी. वस्तू एकच आहे, तिचा अर्थ उलटला आहे. धम्मपद अट्ठकथेत राजगृहातील पुण्ण नावाच्या मजुराची कथा येते. सण आला तेव्हा त्याचा धनी सुमन सेठ्ठी मजुरांना विचारतो, सण साजरा करणार की मजुरी करणार? पुण्ण उत्तर देतो की सण श्रीमंतांचा. माझ्या घरी उद्याच्या पेजेपुरतेही तांदूळ नाहीत. आणि तो बैल घेऊन नांगरायला जातो. कथा पुढे चमत्काराकडे वळते, ते सोडून देऊ. पण निवडीचे स्वातंत्र्य देणाऱ्या प्रश्नाला भुकेने दिलेले हे उत्तर कोणत्याही अर्थशास्त्र्याने विसरू नये असे आहे.

सिगालोवादातील पाचही गोष्टींत एक गोष्ट नाही. त्यांत बक्षीस नाही. चांगले काम केल्यास आजारपणात शुश्रूषा करावी, असे सुत्त म्हणत नाही. अधिक उरक दाखविल्यास सुट्टी द्यावी, असेही म्हणत नाही. गोडधोडही वाटूनच खावयाचे आहे. जे बक्षीस म्हणून फेकले जाऊ शकले असते ते सर्व येथे देणे म्हणून मांडले आहे. शिक्षेचा तर शब्दच नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गृहस्थांच्या विनयात धनी व सेवक यांच्या कर्तव्यांचा अंतर्भाव केला, त्याचे कारण येथे शोधावयास हवे.

याच सुत्तात कामकऱ्यांनीही पाच गोष्टी करावयाच्या आहेत, आणि त्यांत धन्याआधी उठणे व धन्यानंतर निजणे या दोन आहेत. सामञ्ञफल सुत्तातील दासाचे वर्णन करणारे शब्द येथे कर्तव्य बनून आले आहेत. उपदेश त्या काळच्या घराच्या चौकटीत दिला गेला आहे, ही मर्यादा मान्य केली पाहिजे. विनयात दासाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला, हीदेखील इतिहासातील वस्तुस्थिती आहे. धम्माच्या अभ्यासकाने ती झाकून ठेवण्याचे कारण नाही.

तथापि दोन सुत्ते या चौकटीबाहेर जातात. कूटदन्त सुत्तात राजा महाविजिताच्या यज्ञाचे वर्णन आहे. राजाचा पुरोहित त्याला सांगतो की, वध, बंधन आणि दंड यांनी राज्यातील चोरवाटमारी संपणार नाही. शेती करणाऱ्यांना बी-बियाणे व अन्न द्यावे, व्यापार करणाऱ्यांना भांडवल द्यावे, राजसेवेत असणाऱ्यांना भत्तवेतन द्यावे. त्यानंतर होणाऱ्या यज्ञात प्राणी मारले जात नाहीत, यूपासाठी झाडे तोडली जात नाहीत, आणि दास-कामकरी दंडाच्या धाकाने रडत काम करीत नाहीत. पसेनदिच्या यज्ञातील तेच शब्द येथे नकारार्थी येतात. त्यापुढे सुत्त आणखी एक गोष्ट सांगते. ज्यांना करावेसे वाटले त्यांनी केले. ज्यांना वाटले नाही त्यांनी केले नाही. ज्यांनी केले नाही त्यांचे पुढे काय झाले याची काहीच नोंद नाही, म्हणजे त्यांचे काही वाईट झाले नाही.

दुसरे मज्झिम निकायातील एसुकारी सुत्त. ब्राह्मणाची सेवा चारही वर्णांनी करावी, क्षत्रियाची तिघांनी, वैश्याची दोघांनी आणि शूद्राची फक्त शूद्राने, अशी व्यवस्था ब्राह्मण सांगतात, असे एसुकारी म्हणतो. हे सांगण्याचा अधिकार ब्राह्मणांना सर्व जगाने दिला आहे काय, असे तथागत विचारतात. एखाद्या दरिद्री माणसाच्या गळ्यात त्याच्या इच्छेविरुद्ध मांसाचा तुकडा बांधावा आणि हे खा व याची किंमतही दे असे म्हणावे, तशी ही व्यवस्था आहे, असे ते म्हणतात. ज्याची सेवा केल्याने सेवा करणारा अधिक हीन होतो, त्याची सेवा करावी असे मी म्हणत नाही, हा त्यांचा निकष आहे. काम किती झाले यापेक्षा काम करणाऱ्याचे काय झाले, हे येथे मोजले गेले आहे.

सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखात दास व भृतक यांच्याशी योग्य वर्तन हे धम्ममंगलाचे अंग म्हणून सांगितले आहे. या लेखाचा एक तुकडा आपल्या सोपाऱ्याच्या परिसरात १९५६ साली सापडला, हा एक सुखद योगायोग. कलिंगातील धौली व जौगड येथील स्वतंत्र लेखांत मात्र अशोक आपल्या महामात्रांना मत्सर, क्रोध, निष्ठुरता, घाई आणि आळस यांपासून दूर राहण्यास सांगताना स्वर्ग आणि राजाच्या ऋणातून मुक्ती यांची आशा दाखवितो. कसूर केल्यास स्वर्गही नाही आणि राजाची मर्जीही नाही. ‘मर्जी’ हा शब्द आला की मुखुल्लोकक आठवतो. कामकऱ्यासाठी वेगळा न्याय आणि अधिकाऱ्यासाठी वेगळा, ही विसंगती अशोकालाही सुटली नाही.

महाराष्ट्रात बक्षीस आणि बंधन एकाच शब्दात कसे राहू शकतात हे पाहण्यासाठी महारवतनाकडे पाहावे. ‘इनाम’ म्हणजे बक्षीस. महारांना मिळालेल्या जमिनीला इनामच म्हणत. त्या तुटपुंज्या इनामाच्या आणि बलुत्याच्या बदल्यात १८७४ च्या वतन कायद्याखाली वतनदार अहोरात्र सरकारी कामास बांधलेला होता. तो हजर नसेल तर घरातील दुसऱ्याने जावे लागे. गळ्यात बांधलेल्या मांसाच्या तुकड्याची उपमा याहून अधिक कोठे लागू पडेल? बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. ते पुढे मागे घ्यावे लागले. ही वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली.

वतन सोडून मुंबईच्या गिरणीत आलेल्या माणसाला तेथे बक्षीस-शिक्षेचे नवे रूप भेटले. एका दिवसाच्या गैरहजेरीस दोन दिवसांचा पगार कापण्याची ‘दुहेरी खाडा’ ही रीत काही गिरण्यांत होती. बिघडलेले कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून वळती केली जाई. ज्या विणकाम खात्यात कमाई अधिक, त्याची दारे अस्पृश्य कामगाराला बंद होती, कारण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे आणि तेथे विटाळ आडवा येई. अधिक काम करून अधिक मिळविण्याची संधी हेच ज्यांच्या बाबतीत जातीने अडविले होते, त्यांना प्रोत्साहनाचे तत्त्वज्ञान कोणी शिकवावे? १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे उघडपणे ठेवला.

बक्षीस की देणे, हा वाद तर मुंबईत अक्षरशः रस्त्यावर आला. पहिल्या महायुद्धानंतर गिरणीमालकांनी सलग काही वर्षे बोनस दिला आणि १९२३ साली बंद केला. १९२४ च्या जानेवारी ते मार्च या काळात दीड लाखांवर कामगार संपावर गेले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कामगारांचा बोनसवर अंमलात आणता येईल असा हक्क सिद्ध होत नाही, असा निर्णय दिला. म्हणजे ती मालकाची मर्जी ठरली. तिला कायद्याने देण्याचे रूप येण्यास १९६५ साल उजाडावे लागले. दंडाला आळा त्यापूर्वीच बसला होता. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने कामगाराच्या दंडाला रुपयास अर्धा आणा ही मर्यादा घातली आणि दंडाची रक्कम कामगारांच्याच हितासाठी खर्चावी असे ठरविले.

परंतु सर्वांत मोठा दंड निराळाच होता. १८५९ च्या तेराव्या कायद्याने आगाऊ रक्कम घेऊन काम न करणाऱ्या कामगाराला तीन महिन्यांपर्यंत तुरुंगात टाकता येत असे. ‘वेतन घेऊन काम न करणारा’ हा अर्थशास्त्रातील गुन्हेगार इंग्रजी कायद्यात जसाच्या तसा उभा होता. हा कायदा रद्द करण्याचे १९२५ साली ठरले. पण तेरा वर्षांनी, १९३८ साली, मुंबई सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणले आणि त्यात विशिष्ट परिस्थितीतील संप शिक्षेस पात्र ठरविला.

१५ सप्टेंबर १९३८ रोजी त्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी मांडलेला मुद्दा पाली वाचकाला परका वाटणार नाही. संप म्हणजे सेवेच्या कराराचा भंग होय. त्याची भरपाई दिवाणी न्यायाने मागता येईल, पण तो गुन्हा नव्हे. त्याला गुन्हा ठरविणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करावयास भाग पाडणे, आणि यालाच गुलामगिरी म्हणतात, असे त्यांनी सांगितले. महाविजिताच्या यज्ञात ज्यांना करावेसे वाटले नाही त्यांनी केले नाही. मुंबईच्या कामगाराला तेवढी मोकळीक ठेवावी, एवढीच ही मागणी होती. विधेयक संमत झाले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्याच्या निषेधार्थ मुंबईत एक दिवसाचा संप झाला; स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट त्या दिवशी एकत्र होते, आणि गिरण्यांच्या दारांवर उभे राहिलेल्यांत नुकतेच वतन सोडून आलेले अनेक जण होते.